फाल्गुनरावाची तसबीर

संघर्षावाचून नाटक नाही, हे नाट्यविचाराच्या पहिल्याच पाठात सांगितले जाते. परंतु संघर्ष हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उपसलेल्या तलवारी, दरबारी कारस्थाने, विषाचे पेले आणि शेवटच्या अंकातील मृत्यू एवढेच उभे राहते. विनोदी नाटकात संघर्ष तो कसला? तेथे चार घटका हसावे आणि घरी जावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाही. शोकपर्यवसायी नाटकात एखादा प्रसंग मंद पडला तरी करुणरसाच्या ओघावर प्रेक्षक पुढे वाहत जातो. विनोदी नाटकाला असा आधार नसतो. पात्रापात्रांतील ओढाताण क्षणभर सैल पडली की प्रेक्षागृहातील हसू थांबते, आणि थांबलेले हसू पुन्हा सुरू करणे अतिशय कठीण असते. म्हणून उत्तम विनोदी नाटकाची घडण पाहावयाची असेल तर त्यातील विनोदी वाक्ये मोजून भागत नाही. कोण कोणाच्या विरुद्ध उभा आहे आणि का, हे शोधावे लागते.

मराठी रंगभूमीवर या शोधासाठी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ या नाटकाइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

हे उदाहरण तिगावसारख्या गावातील श्रोत्याला परके वाटण्याचे कारण नाही. पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव मध्यप्रदेशात आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसरचा मराठी मुलूख मात्र मध्यप्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली या दोन तालुक्यांचा छिंदवाड्यापासून वेगळा असा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याच्या सीमा हलल्या, जिल्ह्याच्या हलल्या, पण घरातली मराठी हलली नाही. या मुलुखाला लागून असलेल्या विदर्भात खडीगंमत आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब यांची परंपरा आहे. कलगीवाल्यांनी शक्तीची बाजू घ्यावी, तुरेवाल्यांनी शिवाची, एकाने कोडे टाकावे, दुसऱ्याने ते सोडवून उलट कोडे टाकावे, आणि श्रोत्यांनी रात्रभर त्या झुंजीचा आनंद लुटावा, असा तो प्रकार. भांडण हेच करमणुकीचे मूळ असू शकते, हे ज्याने असा फड पाहिला आहे त्याला निराळे समजावून द्यावे लागत नाही. फरक एवढाच की फडात दोन्ही पक्षांना आपण कोणाशी आणि कशासाठी लढतो आहोत हे ठाऊक असते. ‘संशयकल्लोळा’त ते कोणालाच ठाऊक नसते.

या नाटकाची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. फ्रान्समधील थोर नाटककार मोलियर याने १६६० साली पॅरिस येथे ‘स्गानारेल’ नावाची एकांकी पद्य नाटिका रंगभूमीवर आणली आणि नायकाची भूमिका स्वतःच केली. आपली बायको आपल्याला फसवीत आहे अशी कल्पना करून घेणारा एक मध्यमवर्गीय गृहस्थ हा त्या नाटिकेचा नायक. त्यानंतर शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फी या आयरिश जन्माच्या नाटककाराने हेच बीज घेऊन लंडनच्या रंगभूमीसाठी पाच अंकी इंग्रजी नाटक रचले. त्याच्या नावाचा भावार्थ ‘सगळेच चुकलेले’ असा होतो. मर्फीच्या या नाटकावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य प्रहसन लिहिले. पुढे त्यांनीच त्यात पदे घालून त्याचे संगीत नाटक केले. ‘संशयकल्लोळ’ या नावाने ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवल निवर्तले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात पिढ्यानुपिढ्या राहिला.

पॅरिस, लंडन आणि पुणे या तीन शहरांत, अडीचशे वर्षांच्या अवधीत, तीन भिन्न समाज एकाच तसबिरीपायी हसले. या गोष्टीचे कारण कथानकाच्या बांधणीत आहे.

ती बांधणी थोडक्यात अशी. अश्विनशेठ हा तरुण, श्रीमंत व्यापारी. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि अश्विनशेठची तसबीर रेवतीपाशी आहे. दुसरीकडे फाल्गुनराव हा प्रौढ गृहस्थ आणि त्याची बायको कृत्तिका. हा संशयी, तर ती त्याहून संशयी. एके दिवशी रेवतीला भररस्त्यात भोवळ येते आणि जवळच असलेला फाल्गुनराव तिला सावरतो. ते दृश्य नेमके कृत्तिकेच्या नजरेस पडते. गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते व ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळीत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. बस्स, एवढेच घडते. यात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी कट केलेला नाही, कोणाचा अपराध नाही. एका माणसाने चक्कर आलेल्या मुलीला आधार दिला आणि एका बाईने रस्त्यात पडलेली वस्तू उचलली. या दोन निष्पाप कृत्यांतून चार माणसांच्या मनात चार संशय उभे राहतात. कृत्तिकेला वाटते, नवरा त्या मुलीच्या नादी लागला. फाल्गुनरावाला वाटते, बायको त्या तरुणावर भाळली. रेवतीला वाटते, अश्विनशेठचे कृत्तिकेशी काही आहे. अश्विनशेठला वाटते, रेवतीचे फाल्गुनरावाशी काही आहे. पुढील सारे नाटक हे या चार संशयांचे एकमेकांवर आपटणे आहे.

या रचनेत तीन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, नाटकात खलपुरुष नाही. सामान्य कथानकात संघर्ष निर्माण करण्यासाठी दुष्ट माणूस लागतो. तो दूर केला की संघर्ष मिटतो. येथे दूर करण्यासारखा माणूसच नाही. प्रत्येकाचा शत्रू त्याच्या स्वतःच्या डोक्यात बसलेला आहे. म्हणून फाल्गुनराव जितका धडपडतो तितका अधिक रुततो. तो लपून पाहतो, नोकराकडून माहिती काढतो, पुरावे जमा करतो. आणि प्रत्येक पुरावा त्याच्या मताला बळकटी देतो, कारण मत आधी ठरलेले असते आणि पुरावा मागाहून आलेला असतो. भादव्या नोकराने दिलेले सरळ उत्तरही त्याला वाकडे ऐकू येते.

दुसरी गोष्ट, प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते. तसबीर कोणाची, ती पडली कोठे, उचलली कोणी, हे त्याने पहिल्यापासून पाहिलेले असते. पात्रांचे अज्ञान आणि प्रेक्षकांचे ज्ञान यांतील अंतर हीच विनोदाची जागा. हे अंतर नाहीसे केले, म्हणजे तसबिरीचे रहस्य प्रेक्षकांपासूनही लपविले, तर तेच प्रसंग विनोदी न राहता गूढ आणि अस्वस्थ करणारे होतील.

तिसरी गोष्ट, संशय समतोल वाटलेला आहे. एकटा फाल्गुनराव संशयी आणि कृत्तिका साधीभोळी असती तर प्रेक्षकाला तिची कीव आली असती आणि हसणे अवघड झाले असते. दोघेही तोडीस तोड असल्यामुळे कोणावर अन्याय होतो आहे असे वाटत नाही. तराजूची दोन्ही पारडी सतत वरखाली होत राहतात आणि त्या हेलकाव्यांवर नाटक चालते.

या समतोलाचे महत्त्व देवलांच्याच दुसऱ्या एका नाटकाकडे पाहिले की अधिक स्पष्ट होते. ‘फाल्गुनराव’ लिहिण्यापूर्वी तीनच वर्षे, १८९० साली, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ हे नाटक मराठीत आणले होते. विषय तोच, नवऱ्याच्या मनातील संशय. साधनही जवळजवळ तेच. फाल्गुनरावाच्या कथेत तसबीर आहे तर ऑथेल्लोच्या कथेत रुमाल. दोन्हीकडे एक क्षुल्लक वस्तू भलत्याच्या हाती दिसते आणि संसार पेटतो. मग एका ठिकाणी निरपराध पत्नीचा जीव जातो आणि दुसऱ्या ठिकाणी टाळ्या पडतात, हे कसे?

उत्तर त्या वस्तूच्या प्रवासात आहे. रुमालही आधी योगायोगानेच खाली पडतो, पण पुढे दुष्ट मनुष्य तो हेतुपुरस्सर फिरवितो. त्याच्यामागे बुद्धी आहे, योजना आहे, म्हणून तो नेमक्या जागी पोहोचतो. तसबीर मात्र शेवटपर्यंत नुसत्या योगायोगाने फिरते. तिच्यामागे कोणी नाही, म्हणून ती नेहमी चुकीच्या जागी पोहोचते. शिवाय ऑथेल्लो एकटाच संशय घेतो आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करतो तोच त्याचा घात करणारा असतो. फाल्गुनरावाच्या गावात सगळेच संशयी असल्यामुळे सगळेच मोठ्याने बोलतात, भांडतात, एकमेकांच्या दारात जाऊन जाब विचारतात. आरडाओरड पुष्कळ होते, परंतु आरडाओरडीतूनच सत्याचे तुकडे बाहेर पडतात. शोकनाटकातील संशय कुजबुजतो, विनोदी नाटकातील संशय बोंब मारतो. नायकाचे नाव शिमग्याच्या महिन्यावरून ठेवताना देवलांच्या मनात हाच विचार होता की नाही, हे सांगण्याचे साधन नाही; परंतु ते नाव त्याला शोभून दिसते, यात शंका नाही.

आणखी एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. ज्या आर्थर मर्फीकडून हे कथानक देवलांकडे आले, तो नाटककार होण्यापूर्वी नट होता, आणि १७५४ साली लंडनच्या रंगभूमीवर त्याने पहिले पाऊल टाकले ते ऑथेल्लोच्याच भूमिकेत. संशयाची शोकान्त बाजू ज्याने अंगावर वागविली त्यानेच पुढे त्याची हास्यास्पद बाजू लिहिली; आणि देवलांनी ओथेल्लोची कथा आधी मराठीत आणून मग फाल्गुनराव उभा केला. दोघांचाही प्रवास एकाच दिशेचा आहे.

देवलांनी केवळ भाषांतर केले असते तर हे नाटक इतके टिकले नसते. त्यांनी सर्व पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली. अश्विन, फाल्गुन, वैशाख आणि भाद्रपद हे पुरुषांकडे. रेवती, कृत्तिका, मघा आणि रोहिणी ह्या स्त्रियांकडे. नावे ऐकताच प्रेक्षक पंचांगाच्या ओळखीच्या जगात शिरतो. आपण एका खेळात सामील झालो आहोत हेही त्याला कळते.

पण याहून महत्त्वाचा फेरफार रेवतीचा. मर्फीच्या नाटकातील नायिका खानदानी घराण्यातील कन्या आहे. प्रियकराची तसबीर जवळ बाळगणे, त्याच्याशी रुसणे, भांडणे, मन मानेल त्याच्याशी लग्नाचा हट्ट धरणे हे तिच्या समाजात शक्य होते. १८९३ सालच्या महाराष्ट्रात कुलीन घरातील मुलीचे लग्न ती जाणती होण्यापूर्वीच होऊन जात असे. संमतिवयाच्या कायद्यावरून झालेल्या वादळाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि बालाजरठ विवाहावरील देवलांचे ‘शारदा’ नाटक अजून सहा वर्षे पुढे होते. अशा समाजात प्रेम करणारी, स्वतःचे मत असणारी प्रौढ अविवाहित नायिका आणावयाची कोठून? देवलांनी ती नायकिणीच्या घरातून आणली. त्यांच्यापुढे उदाहरण होते. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ त्यांनीच मराठीत आणले होते. त्यातील वसंतसेना ही गणिका आहे, एका सज्जनावर तिचे निष्ठेचे प्रेम आहे, आणि चुकून भलत्याच गाडीत बसल्यामुळे तिच्यावर मोठे संकट ओढवते. वस्तूंची आणि वाहनांची अदलाबदल होऊन कथानक पेटणे ही गोष्ट आपल्या रंगभूमीला मोलियरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

या एका फेरफाराने संघर्षाचे वजनच बदलले. फाल्गुनराव आणि कृत्तिका कितीही भांडली तरी त्यांचा संसार मोडेल असे प्रेक्षकाला वाटत नाही. ती नवराबायको आहेत आणि उद्याही एकाच घरात भांडणार आहेत. रेवतीचे तसे नाही. अश्विनशेठचा विश्वास हीच तिची प्रतिष्ठित संसाराकडे जाणारी एकमेव वाट आहे. तो विश्वास गेला तर तिच्यासाठी आईचा धंदा वाट पाहत बसलेला आहे. नायकिणीच्या मुलीविषयी जग आधीच संशय घेऊन बसलेले असते. त्यात तिच्या प्रियकराने भर घातली तर तिने दाद कोणाकडे मागावी? आणि तिचा स्वतःचा संशय, आपल्याला फसविले जात आहे ही भीती, तीही पोकळ नाही. तिच्यासारख्या मुलींना फसविण्याची त्या काळी वानवा नव्हती. फाल्गुनरावाचा संशय रिकामटेकड्या मनाचा आहे, तर रेवतीचा संशय असुरक्षित आयुष्याचा आहे. नाटकात दोन्ही एकाच तसबिरीभोवती फिरतात, म्हणून हसता हसता प्रेक्षकाच्या मनाला कोठेतरी चटका बसतो. तिच्या वाट्याला आलेल्या पदांनाही या चटक्यामुळेच अर्थ येतो. शेवटी अश्विनशेठ तिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो, तेव्हा मिटलेल्या घोटाळ्याच्या आनंदात एक सामाजिक विधानही मिसळलेले असते, आणि ते विधान देवलांनी मोठ्याने न करता हळूच केले आहे.

नाटकाचा शेवटही संघर्षाच्या विचाराने पाहण्यासारखा आहे. मोलियरच्या नाटिकेत चार माणसे एकमेकांवर आरोप करीत असता नायिकेची दासी पुढे येते आणि एकेकाला साधे प्रश्न विचारते: तुझी तक्रार काय, तुला हे कोणी सांगितले, ही वस्तू तुला कोठे मिळाली? पाच-सात प्रश्नांत गाठ सुटते. सत्य कोणी लपविलेलेच नव्हते. फक्त ते कोणी विचारले नव्हते. देवलांच्या नाटकातही सर्व मंडळी अखेर समोरासमोर येतात आणि तसबिरीचा हातोहाती झालेला प्रवास उलगडतो. संघर्ष बळाने मिटत नाही, त्यागाने मिटत नाही, तर चौकशीने मिटतो. विनोदी नाटकाचा हा खास गुण होय. शोकनाटकातही अखेरीस चौकशी होतेच. पण ती प्रेतापुढे होते.

पांढुर्ण्याच्या परिसरात या शेवटाचा अर्थ निराळ्या तऱ्हेने जाणवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. या प्रथेमागे एक दंतकथा सांगतात. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी यांचे एकमेकांवर प्रेम होते. ती दोघे नदी ओलांडून पळून जात असता दोन्ही काठांवरून दगड येऊ लागले. कथेचे पाठ निरनिराळे आहेत, आणि ती इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. तथापि प्रथा खरी आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. नाट्याच्या दृष्टीने पाहता दंतकथेतील बीज विनोदी नाटकाचेच आहे: प्रेमी जोडपे, विरोधी दोन घरे, मध्ये एक अडथळा. जगातील निम्म्या सुखान्त नाटकांची सुरुवात अशीच होते. पण या कथेत मोलियरची दासी नाही. काठावरचा एकही मनुष्य हातातला दगड खाली ठेवून, तुमची तक्रार काय, असे विचारीत नाही. म्हणून जे कथानक लग्नाच्या मांडवात संपू शकले असते ते नदीच्या पात्रात थांबले, आणि झेंड्याच्या रूपाने दरवर्षी पुन्हा उभे राहते.

विनोदी नाटक संघर्ष टाळीत नाही हे यावरून दिसेल. उलट ते संघर्षाला पुरेपूर वाव देते, त्याला वाढू देते, हास्यास्पद होईपर्यंत ताणते. मात्र त्याचा निकाल लागेपर्यंत कोणाचे डोके फुटू देत नाही. माणसे एकमेकांविषयी किती सहज वाईट विचार करतात, आणि तो विचार किती थोड्या पुराव्यावर उभा असतो, हे प्रेक्षकाला दोन-तीन तास स्वच्छ दिसते. मराठी घरातले शब्दही याला साक्षी आहेत. ‘फाल्गुनराव’ हे नाव आता केवळ एका पात्राचे राहिले नसून, विनाकारण बायकोवर डोळा ठेवणाऱ्या कोणाही गृहस्थाला ते लावले जाते. एखाद्या नाटकातील पात्र असे बोलीत उतरते तेव्हा समाजाने त्यात स्वतःचे काही ओळखलेले असते.

१८९३ पासून आजपर्यंत मराठी प्रेक्षकांच्या वागण्यात पुष्कळ बदल झाला. मुलीची लग्ने लवकर होत नाहीत; नायकिणीचे घर ही जुन्या पुस्तकातील गोष्ट वाटते; तसबीर तर आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये असते आणि एका बोटाच्या स्पर्शाने भलत्याच्या हाती जाऊ शकते. तरीही ‘संशयकल्लोळा’चे प्रयोग एकविसाव्या शतकात झाले आणि लोक हसले. तसबिरीचा प्रवास पूर्वीपेक्षा जलद झाला आहे. ती कोठून आली, हे विचारण्याची सवय मात्र फाल्गुनरावाच्या काळाहून फारशी वाढलेली नाही. ती वाढेपर्यंत या जुन्या नाटकाला प्रेक्षक मिळत राहतील.